कावेरीच्या मुखाचा किनारा : सागर, संस्कृती आणि तंजावरी मराठीचा वारसा

तामिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावर कावेरी नदी अनेक फाट्यांनी बंगालच्या उपसागराला मिळते. चिदंबरमजवळील पिचावरमच्या खारफुटीपासून दक्षिणेस कोडियक्करैच्या टोकापर्यंत आणि तेथून पश्चिमेस वळून पाल्कच्या उपसागरावरील मल्लिपट्टिणमपर्यंत पसरलेला हा पट्टा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा म्हणून ओळखला जातो. वाळूच्या लांबच लांब पुळणी, डॅनिश, डच व फ्रेंच राजवटींच्या खुणा, तीन धर्मांची मोठी तीर्थस्थाने, हजार वर्षांची चोळकालीन मंदिरे आणि भात, चिंच, नारळ व मासळीवर उभी राहिलेली खाद्यपरंपरा यांचा संगम येथे एका आठवड्याच्या प्रवासात अनुभवता येतो.

मराठी वाचकांसाठी या प्रदेशाचे आणखी एक महत्त्व आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात तंजावर येथे भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली. ही सत्ता १८५५ पर्यंत टिकली. या पावणेदोनशे वर्षांच्या काळातील शिलालेख, मनोरे, अन्नछत्रे, ग्रंथ आणि पाककृती आजही या भागात आढळतात. किनाऱ्याची वाळू जशी समुद्र दरवर्षी थोडी थोडी ओढून नेतो, तसाच हा भाषिक वारसाही हळूहळू ओसरत आहे. त्यामुळे या किनाऱ्याची ओळख केवळ सहलीच्या ठिकाणांच्या यादीने पूर्ण होत नाही.

भूगोल आणि हवामान

कोकणाचा किनारा डोंगर, खाड्या आणि कातळ यांनी घडलेला आहे. कावेरीच्या मुखाचा किनारा याच्या अगदी उलट, सपाट आहे. समुद्रापासून काही अंतरावरच भाताची खाचरे सुरू होतात. त्यांच्या अधूनमधून नारळीच्या बागा, मिठागरे आणि कालवे दिसतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना समुद्रात मावळणारा सूर्य परिचित असतो. येथे सूर्य समुद्रातून उगवतो. त्यामुळे पहाटेची वेळ हीच या किनाऱ्यावरची खरी पर्यटनाची वेळ होय. पहाटे होड्या किनाऱ्याला लागतात, जाळी सोडवली जातात आणि मासळीचा लिलावही त्याच सुमारास होतो. इंग्रजीतून जगभर पोहोचलेला ‘कॅटामरान’ हा शब्द मूळ तमिळ ‘कट्टुमरम’, म्हणजे बांधलेले ओंडके, यावरून आला आहे. त्याचे मूळ याच किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या तराफ्यांत आहे.

पावसाचे वेळापत्रकही महाराष्ट्राहून वेगळे आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे येथे फारसा पाऊस देत नाहीत. मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो आणि चक्रीवादळांचा धोकाही याच महिन्यांत अधिक असतो. एप्रिल व मे महिन्यांत उकाडा तीव्र असतो. जानेवारी ते मार्चचा पूर्वार्ध हा काळ प्रवासासाठी सर्वांत अनुकूल मानला जातो. आकाश निरभ्र असते, ऊन सोसवण्याजोगे असते आणि पाणथळ जागी स्थलांतरित पक्ष्यांची वस्ती असते.

पिचावरम आणि पूंपुहार

प्रवासाची सुरुवात उत्तरेकडून केल्यास पहिला मुक्काम चिदंबरम येथे होतो. नटराजाचे प्रसिद्ध मंदिर असलेल्या या नगरापासून सुमारे १५ किलोमीटरवर पिचावरमचे खारफुटीचे वन आहे. वेल्लार आणि कोळ्ळिडम या नद्यांच्या मुखांदरम्यान पसरलेल्या या वनातून अरुंद जलमार्गांची जाळी गेली असून वल्ह्याच्या होड्यांतून त्यांची सफर करता येते. २०२२ मध्ये पिचावरमला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादीत स्थान मिळाले. कोकणातील तिवरांची ओळख असणाऱ्यांना येथील झाडांची मुळे अनोळखी वाटणार नाहीत. मात्र वनाचा विस्तार आणि त्यामागे पसरलेली वाळूची दांडी हे येथील वैशिष्ट्य आहे.

दक्षिणेस पूंपुहार हे लहानसे किनारी गाव आहे. प्राचीन तमिळ साहित्यात कावेरीपूंपट्टिणम या नावाने वर्णिलेले, चोळांचे समृद्ध बंदर ते हेच. ‘शिलप्पदिकारम’ या महाकाव्याच्या कथेचा आरंभ याच नगरीत होतो. काव्यातील प्रसंग दगडी शिल्पपटांतून दाखवणारे दालन किनाऱ्याजवळ उभारलेले आहे. जुन्या नगरीचा काही भाग समुद्राने गिळला, ही पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट होती. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्वज्ञांनी येथे समुद्रतळाचे शोधकार्य केले आणि किनारा काळाच्या ओघात आत सरकल्याचे पुरावे नोंदवले. पूंपुहारच्या पुळणीवर उभे राहिल्यावर दिसणारा समुद्र हा त्या अर्थाने एका बुडालेल्या नगराचे छप्पर आहे.

तरंगंबाडी : डॅनिश वखार

पूंपुहारहून सुमारे २० किलोमीटरवर तरंगंबाडी आहे. युरोपीय नकाशांवर याच गावाचे नाव ‘ट्रँकेबार’ असे येते. १६२० मध्ये तंजावरचा नायक राजा रघुनाथ आणि डेन्मार्कच्या ईस्ट इंडिया कंपनीचे प्रतिनिधी ओव्हे येडे यांच्यात करार झाला आणि डॅनिशांना येथे वखार व किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली. डान्सबोर्ग नावाचा हा किल्ला आजही समुद्राकडे तोंड करून उभा आहे. त्यातील दालनांत लहानसे संग्रहालय आहे. नायकांनंतर तंजावरची गादी भोसल्यांकडे आल्यावर डॅनिशांचे व्यवहार मराठी दरबाराशी होऊ लागले. ते दरबाराला वार्षिक रक्कम देत असत. संबंध नेहमीच सलोख्याचे नव्हते. १६९९ मध्ये तंजावरच्या सैन्याने या वसाहतीला वेढाही घातला होता.

तरंगंबाडीचे स्थान भारतीय मुद्रणाच्या इतिहासातही मोठे आहे. १७०६ मध्ये जर्मन धर्मोपदेशक बार्थोलोमेउस त्सिगेनबाल्ग येथे आले. त्यांनी तमिळ भाषा आत्मसात केली, छापखाना उभारला आणि १७१५ पर्यंत बायबलमधील नव्या कराराचे तमिळ भाषांतर छापून पूर्ण केले. त्यांनी बांधलेले १७१८ चे प्रार्थनामंदिर गावातील मुख्य रस्त्यावर आहे. १७५० मध्ये याच बंदरात उतरलेले ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ पुढे तंजावरला गेले आणि दुसरे सरफोजी यांचे बालपणीचे शिक्षक व पालक बनले. सरफोजी राजांनी आपल्या या गुरूंच्या स्मरणार्थ जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. ते तंजावरच्या चर्चमध्ये आजही पाहता येते. राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरला देवनागरी छापखाना सुरू केला. त्यात ‘बालबोधमुक्तावली’ हे इसापनीतीच्या कथांचे मराठी पुस्तक छापले गेले. मराठी मुद्रणाच्या पहिल्या टप्प्यातील हे पुस्तक पुणे किंवा मुंबईत नव्हे, तर कावेरीकाठी तयार झाले.

१८४५ मध्ये डॅनिशांनी ही वसाहत इंग्रजांना विकली. त्यानंतर व्यापाराची वर्दळ थांबली आणि गाव जवळजवळ जसेच्या तसे राहिले. नगरवेशीपासून किल्ल्यापर्यंतचा रस्ता अर्ध्या तासात पायी फिरून होतो. किल्ल्याच्या उत्तरेस, अगदी पाण्याच्या कडेला, मासिलामणिनाथाचे पांड्यकालीन शिवमंदिर आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या या मंदिराचा पुढचा भाग लाटांनी केव्हाच नेला आहे. राहिलेल्या भागाचे जतन करण्यासाठी दुरुस्ती करण्यात आली आणि दगडांचे बांधही घालण्यात आले. तरीही समुद्र आणि मंदिर यांच्यातील अंतर पावलांत मोजावे लागते.

कारैकाल, नागूर आणि नागपट्टिणम

तरंगंबाडीच्या दक्षिणेस कारैकाल लागते. जमिनीच्या बाजूंनी तामिळनाडूने वेढलेला हा जिल्हा प्रशासकीयदृष्ट्या पुदुच्चेरी या केंद्रशासित प्रदेशाचा भाग आहे. १७३९ मध्ये हे ठिकाण तंजावरच्या मराठी राज्याकडून फ्रेंचांच्या ताब्यात गेले आणि १९५४ पर्यंत त्यांच्याकडेच होते. तमिळ शैव परंपरेतील ६३ नायन्मार संतांमध्ये केवळ तीन स्त्रिया आहेत. त्यांपैकी कारैकाल अम्मैयार या कवयित्रीचे हे गाव होय. त्यांच्या कथेत आंब्याचा प्रसंग मध्यवर्ती आहे. त्यामुळे जून-जुलैच्या सुमारास भरणाऱ्या ‘मांगनी’ उत्सवात पालखीवर आंब्यांचा वर्षाव केला जातो. जवळच तिरुनळ्ळारचे शिवमंदिर असून तेथील शनीच्या दर्शनासाठी देशभरातून भाविक येतात. शनिशिंगणापूरच्या उघड्या चौथऱ्याची सवय असलेल्यांना येथे शनी मंदिराच्या आवारातील एका देवळीत दिसतो.

त्यापुढे नागूर येते. सोळाव्या शतकातील सूफी संत शाहुल हमीद यांचा दर्गा हे येथील मुख्य स्थान. दर्ग्याचे पाच मनोरे दुरून नजरेत भरतात. त्यांतील सर्वांत उंच, १३१ फुटांचा मनोरा तंजावरचे मराठी राजे प्रतापसिंह यांनी बांधून दिला. हिंदू राजाने उभारलेला मनोरा, दर्शनाला येणारे सर्व धर्मांचे लोक आणि १४ दिवसांचा ‘कंदूरी’ उरूस यांमुळे नागूर हे सामायिक श्रद्धेचे उदाहरण ठरले आहे. येथील व्यापारी दर्यावर्दींनी संतांची स्मृती आग्नेय आशियात नेली. सिंगापूर आणि पेनांग येथेही त्यांच्या नावाची स्मारके आहेत.

नागपट्टिणम हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आणि प्राचीन बंदर. अकराव्या शतकाच्या आरंभी श्रीविजय साम्राज्याच्या राजाने राजराज चोळांच्या साहाय्याने येथे चूडामणी विहार हा बौद्ध विहार बांधला. त्याला दिलेल्या ग्रामदानाची नोंद ‘लायडन ताम्रपट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ताम्रपटांत आहे. पुढे पोर्तुगीज, १६५८ पासून डच आणि १७८१ पासून इंग्रज अशी या बंदराची मालकी बदलत गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये येथून श्रीलंकेतील कांकेसंतुरैपर्यंत प्रवासी जलवाहतूक पुन्हा सुरू झाली. मात्र तिचे वेळापत्रक हवामानावर अवलंबून असते.

वेलंकन्नी : मोत माउलीचे दक्षिणेतील तीर्थ

नागपट्टिणमपासून सुमारे १२ किलोमीटरवर वेलंकन्नीचे मातृमंदिर आहे. वादळात सापडलेल्या पोर्तुगीज खलाशांनी किनाऱ्याला लागल्यावर नवस फेडण्यासाठी येथे प्रार्थनामंदिर बांधले, अशी परंपरा सांगितली जाते. १९६२ मध्ये या मंदिराला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. २९ ऑगस्टला ध्वज चढवून सुरू होणारा वार्षिक उत्सव ८ सप्टेंबरला, म्हणजे मरियेच्या जन्मदिनी, संपतो. बांद्र्याच्या मोत माउलीची जत्राही याच दिनांकाशी निगडित आहे. त्यामुळे मुंबई, वसई आणि गोव्यातील कॅथलिक कुटुंबांत वेलंकन्नीची यात्रा रूढ आहे. उत्सवकाळात निवास मिळणे कठीण असते. शांतपणे समुद्र आणि मंदिर पाहायचे असल्यास हे ११ दिवस टाळणे श्रेयस्कर.

वेदारण्यम ते कोडियक्करै

वेलंकन्नीच्या दक्षिणेस रस्ता मिठागरांतून जातो. १९३० मध्ये गांधीजींच्या दांडीयात्रेपाठोपाठ चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिरुचिरापळ्ळीहून वेदारण्यमपर्यंत सुमारे २४० किलोमीटरची पदयात्रा काढली. १३ एप्रिलला सुमारे १०० सत्याग्रहींसह निघालेली ही यात्रा महिनाअखेरीस किनाऱ्यावर पोहोचली आणि ३० एप्रिलला मीठ उचलून कायदेभंग करण्यात आला. अगस्त्यंपळ्ळी येथे त्याचे स्मारक आहे. शिरोड्याच्या मिठागरांतील त्याच वर्षीचा सत्याग्रह मराठी वाचकांना ज्ञात आहे. वेदारण्यम हे त्याचेच पूर्व किनाऱ्यावरील भावंड.

किनारा जेथे काटकोनात वळतो त्या टोकावर कोडियक्करैचे अभयारण्य आहे. १९६७ मध्ये काळविटांच्या संरक्षणासाठी ते घोषित झाले. शुष्क सदाहरित वन, गवताळ मैदाने आणि उथळ दलदल अशी तिन्ही प्रकारची भूमी येथे एकत्र आढळते. हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. २००२ पासून हा परिसरही रामसर यादीत आहे. येथील चोळकालीन दीपस्तंभाचा अवशेष २००४ च्या त्सुनामीत कोसळला.

मनोरा : समुद्रकाठी मराठी नाव

कोडियक्करैनंतर पश्चिमेकडे पाल्कचा उपसागर सुरू होतो. येथील पाणी उथळ आणि बहुधा शांत असते. समुद्रतळावर सागरी गवताची कुरणे आहेत. या गवतावर जगणाऱ्या समुद्रगायींच्या रक्षणासाठी तामिळनाडू शासनाने २०२२ मध्ये ४४८ चौरस किलोमीटरचे संवर्धन क्षेत्र घोषित केले. मल्लिपट्टिणमजवळ समुद्रकाठी एक आठ मजली षट्कोनी इमारत उभी आहे. तिला स्थानिक तमिळ लोकही ‘मनोरा’ असेच म्हणतात. नेपोलियनच्या पाडावाचे स्मारक म्हणून दुसरे सरफोजी यांनी १८१४-१५ च्या सुमारास ती बांधली. युरोपातील युद्धाच्या निकालाची नोंद पाल्कच्या उपसागरावर एका मराठी राजाने मराठी नावाच्या वास्तूने करावी, ही इतिहासातील दुर्मीळ घटना आहे. कंपनी सरकारच्या छत्राखाली नामधारी उरलेल्या राजाची राजकीय अपरिहार्यताही तीत दिसते.

याच वाटेवर काशी ते रामेश्वर यात्रा करणाऱ्यांसाठी भोसले राजांनी छत्रे बांधली. छत्र म्हणजे निवास, अन्नदान आणि काही ठिकाणी औषधोपचार व शिक्षणाचीही सोय असलेली धर्मशाळा. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध.

तंजावर : किनाऱ्यामागील राजधानी

नागपट्टिणमपासून सुमारे ८० किलोमीटर आत तंजावर आहे. किनाऱ्याचा अर्थ समजण्यासाठी या शहराला किमान दोन दिवस देणे आवश्यक ठरते. राजराज चोळांचे १०१० मध्ये पूर्ण झालेले बृहदीश्वर मंदिर १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्याच्या प्राकाराच्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजी राजांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. देवनागरीतील हा विस्तृत लेख पाहण्यासाठी महाराष्ट्रातून अभ्यासक येतात. बहुतेक पर्यटक मात्र मुख्य विमानाकडे पाहत त्याच्या शेजारून निघून जातात.

राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितांचा संग्रह आहे. दरबाराची मोडी लिपीतील कागदपत्रेही जपलेली आहेत. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये नाटक रंगभूमीवर आणण्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी, शहाजी राजांच्या काळात, तंजावरला मराठी नाटके लिहिली गेली होती. सरफोजी राजांच्या नावावरील ‘देवेंद्र कोरवंजी’ या मराठी नाट्यकृतीत तर जगाचा भूगोल गाण्यांतून सांगितलेला आहे. आजच्या भरतनाट्यमच्या मैफलीचा क्रम ठरवणारे ‘तंजावर चतुष्टय’ म्हणून प्रसिद्ध असलेले चार बंधू याच दरबाराच्या आश्रयाला होते. मराठी कीर्तनाच्या वळणावर तमिळ हरिकथा घडली. साकी, दिंडी, ओवी आणि अभंग ही वृत्ते तमिळ कथाकारांनी आपलीशी केली.

पानावरचे तंजावर

या प्रदेशाच्या आहाराचा पाया भात आहे. किनाऱ्यावर त्याला मासळीची जोड मिळते. चिंचेच्या कोळात, मातीच्या भांड्यात शिजवलेला ‘मीन कुळंबू’ हे रोजचे कालवण. कोकणातील कालवणाला कोकमाचा किंवा तिरफळाचा वास असतो. येथे चिंच, कढीपत्ता, मेथी आणि लहान कांदे यांची चव पुढे येते. वंजिरम म्हणजे सुरमई, नेत्तिली म्हणजे मांदेलीसारखी बारीक मासळी, इराल म्हणजे कोळंबी आणि नंडू म्हणजे खेकडा, एवढे शब्द ठाऊक असल्यास खानावळीत अडचण येत नाही. १५ एप्रिल ते १४ जून या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्या काळात ताजी मासळी कमी आणि महाग मिळते. नागूरला कोळंबी लावून तळलेला तांदळाचा ‘वाडा’ आणि रवा व तुपाचा ‘दमरूट’ हा गोड पदार्थ मिळतो. चिदंबरमचा वांग्याचा ‘गोत्सू’ आणि कुंभकोणमची पितळी पेल्यातील गाळीव कॉफी हे शाकाहारी प्रवाशांसाठी वाटेवरचे थांबे आहेत.

मराठी स्वयंपाकाच्या खुणा नावांतून ओळखू येतात. तंजावरकडील घरांत उडदाच्या पिठाची ताकातली ‘डांगर पचडी’ होते. तिच्यात मराठी डांगर जसेच्या तसे टिकले आहे. ‘पिटलै’ या चिंच-डाळीच्या कालवणाचे नाव पिठल्याशी जोडले जाते, जरी पदार्थ आता पूर्णपणे वेगळा झाला असला तरी. सणाला होणारी ‘पोळी’ ही पुरणपोळीच होय. सांबार हा पदार्थ तंजावरच्या मुदपाकखान्यात आमसुलाऐवजी चिंच वापरल्यामुळे जन्माला आला आणि त्याला संभाजीराजांचे नाव पडले, ही कथा लोकप्रिय आहे. मात्र तिला समकालीन लेखी आधार नाही आणि तिच्याकडे आख्यायिका म्हणूनच पाहिले पाहिजे. याउलट, सरफोजी राजांच्या मुदपाकखान्याची माहिती देणारे ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ सरस्वती महालात आहे आणि ते खऱ्या अर्थाने ऐतिहासिक साधन आहे.

ओसरणारा किनारा, ओसरणारी भाषा

२६ डिसेंबर २००४ च्या सकाळी आलेल्या त्सुनामीने तामिळनाडूत सुमारे ८,००० जणांचा बळी घेतला. त्यांपैकी ६,००० हून अधिक मृत्यू एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात झाले. मच्छीमार वस्त्या आणि वेलंकन्नीला आलेले यात्रेकरू यांची सर्वाधिक हानी झाली. खारफुटीच्या आड असलेल्या वस्त्यांना लाटांचा तडाखा तुलनेने कमी बसल्याचे निरीक्षण पिचावरम परिसरात नोंदवले गेले आणि त्यानंतर खारफुटी लागवडीला गती मिळाली. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ धडकले आणि त्रिभुज प्रदेशातील नारळीच्या बागा मोठ्या प्रमाणावर आडव्या झाल्या. नारळाचे झाड फळ देऊ लागण्यास काही वर्षे लागत असल्याने त्या एका रात्रीचे नुकसान शेतकऱ्यांना दीर्घकाळ सोसावे लागले.

अशा आपत्तींखेरीज एक संथ संकटही आहे. नदीवरील धरणांमुळे मुखाशी येणारा गाळ कमी झाला, की किनाऱ्याची भर थांबते आणि धूप वाढते. भूजलाचा उपसा वाढला, की खारे पाणी शेतात शिरते. हायड्रोकार्बन उत्खननाला शेतकऱ्यांनी दीर्घकाळ विरोध केल्यानंतर २०२० मध्ये राज्य शासनाने कायदा करून कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला संरक्षित विशेष कृषी क्षेत्राचा दर्जा दिला. पर्यटनाच्या वाढीलाही हीच मर्यादा लागू आहे. वाळूच्या टेकड्या सपाट करून उभारलेले निवास ज्या समुद्रासाठी बांधले जातात, त्याच समुद्राला आत येण्याची वाट करून देतात.

भाषेची धूप याहून कमी दिसणारी आहे. तंजावर, कुंभकोणम आणि चेन्नई परिसरातील मराठी कुटुंबे घरात जी बोली बोलतात तिच्यात जुन्या मराठीची रूपे आणि तमिळ शब्दसंग्रह मिसळलेला आहे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषवणारे सर टी. माधवराव याच समाजातले, कुंभकोणमचे. आज या समाजाचे शिक्षण आणि व्यवहार तमिळ व इंग्रजीत चालतात. पुष्कळांना मराठी बोलता येते, परंतु देवनागरी वाचता येत नाही. मोडी वाचणारे तर मोजकेच उरले आहेत. सरस्वती महालातील कागद सुरक्षित राहिले, तरी ते वाचणारे आणि त्या कागदांतील शब्द घरात बोलणारे दोघेही कमी होत गेले तर दुवा तुटतो. महाराष्ट्रातून येणारा पर्यटक १८०३ च्या शिलालेखापाशी थांबतो, स्थानिक मराठी कुटुंबाशी मराठीत बोलतो किंवा ग्रंथालयाची प्रकाशने विकत घेतो, तेव्हा हा दुवा थोडा अधिक टिकतो.

प्रवासाची आखणी

सर्वांत जवळचा मोठा विमानतळ तिरुचिरापळ्ळी येथे आहे. चेन्नईहून पूर्व किनारा रस्त्याने पुदुच्चेरी व चिदंबरममार्गे नागपट्टिणमला येता येते. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून कारैकालपर्यंत साप्ताहिक एक्स्प्रेस गाडी आहे. चिदंबरम, मैलाडुतुरै, तंजावर, नागपट्टिणम आणि वेलंकन्नी ही ठिकाणे रेल्वेने जोडलेली आहेत. तरंगंबाडी, पूंपुहार, कोडियक्करै आणि मनोरा यांसाठी रस्त्यानेच जावे लागते.

सात दिवसांच्या प्रवासात चिदंबरम व पिचावरमसाठी एक दिवस, पूंपुहार व तरंगंबाडीसाठी एक, कारैकाल व नागूरसाठी एक, वेलंकन्नी व कोडियक्करैसाठी दोन आणि तंजावरसाठी दोन, अशी विभागणी सोयीची ठरते. वेळ असल्यास तंजावरहून मनोऱ्यापर्यंत एका दिवसात जाऊन येता येते. मंदिरे साधारणपणे दुपारी काही तास बंद असतात. त्यामुळे सकाळ समुद्रासाठी, संध्याकाळ देवळांसाठी आणि दुपार जेवण व विश्रांतीसाठी ठेवणे व्यवहार्य आहे. मंदिरांत आणि दर्ग्यात अंग झाकणारी वस्त्रे अपेक्षित असतात.

उपसागराच्या बाजूचे समुद्रकिनारे पोहण्यासाठी सुरक्षित मानू नयेत. लाटांचा ओढा तीव्र असतो आणि तळ काही ठिकाणी अचानक खोल होतो. पाण्यात उतरण्यापूर्वी स्थानिक मच्छीमारांचा सल्ला घेणे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात हवामान विभागाच्या सूचना पाहूनच निघणे हितावह ठरते. सूर्योदय साधारण सहा ते साडेसहाच्या दरम्यान होतो. त्या वेळी तरंगंबाडीच्या किल्ल्यासमोरची पुळण मोकळी असते, होड्या परतत असतात आणि मासिलामणिनाथाच्या मंदिरावर पहिले ऊन पडते.